खुलं पत्र: टीव्हीवर दर आठवड्याला मार खाणाऱ्या पैलवानांना

प्रिय हरणाऱ्यांनो,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुम्हाला मराठी येत नाही हे माहितीये, आम्हालाही तेव्हा इंग्लिश येत नव्हतं, तेव्हा फिट्टंफाट. परवा रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्तीच्या कार्यक्रमाचे १९९१-९२ चे जुने एपिसोड लावले, म्हटलं दहा मिनिटं बघू आणि झोपू, तर अडीच वाजले. आणि तिसऱ्या की चौथ्या मॅचला लक्षात आलं की ज्याच्यासाठी लावलं त्या अंडरटेकरकडे माझं लक्षच नाहीये, मी तुमच्याकडे बघतोय.

जाहिराती संपल्या की तुम्ही आधीच रिंगमध्ये उभे असायचा. कुठनं आलात, कसे आलात, कुणी बघितलेलं नाही. तुम्हाला गाणं नाही, धूर नाही, लाइट नाही. साधी निळी नाहीतर काळी चड्डी, पोट जरा सुटलेलं, मिशी, आणि चेहऱ्यावर बँकेत टोकन घेऊन बसलेल्या माणसासारखा भाव. अनाउन्सर तुमचं नाव, गाव आणि वजन घाईघाईत उरकायचा, तेवढ्यात पलीकडच्या बाजूनं गाणं सुरू झालं की तुमचं नाव त्यातच बुडायचं. मग घंटा, आणि दोन-तीन मिनिटांत तुम्ही आडवे.

बरं, आडवे झाल्यावर तरी सुटका? ते पण नाही. जेक रॉबर्ट्सकडनं हरलात की तो पोत्यातनं अजगर काढून तुमच्या अंगावर सोडणार. टेड डिबियासीकडनं हरलात की शंभर डॉलरची नोट तुमच्या तोंडात कोंबणार. ब्रूटस बीफकेक कात्री घेऊन केस कापणार, बिग बॉस मॅन दोरीला हातकड्या लावून दंडुका घालणार, आणि अंडरटेकरनं तर १९९१ मध्ये तुमच्यातल्या कितीजणांना प्रेताच्या पिशवीत घालून चेन लावून नेलं. मला खरंच एक विचारायचंय, ती शंभराची नोट नंतर ठेवायला मिळायची का हो? आणि अजगर गळ्यावरनं जात असताना बेशुद्ध असल्याचं नाटक करत पडून राहायचं म्हणजे डोक्यात काय चाललेलं असायचं? मला पाल अंगावर पडली तर मी अख्खी बिल्डिंग उठवतो.

तुमच्यासाठी शब्द पण काय, तर जॉबर. म्हणजे ठरवून हरायचं काम करून जाणारा. बॉबी हीनन कॉमेंट्रीला बसला की तुम्हाला हॅम-अँड-एगर म्हणायचा, म्हणजे अंडं-ब्रेडपुरते पैसे कमावणारा, तेही तुम्ही समोर आपटत असताना. मला याचा अर्थ कळला तोपर्यंत माझं लग्न झालेलं होतं.

आमच्याकडे हे सगळं आलं ते केबलवरनं. स्टार टीव्ही १९९१ मध्ये सुरू झाला, त्यातलं प्राइम स्पोर्ट्स हे चॅनल आमच्या कोल्हापुरातल्या पेठेत पोचायला अजून वर्षभर गेलं असेल, कुणाच्या तरी माडीवर मोठी छत्री बसली आणि तिथनं काळ्या वायरी कौलांवरनं, लिंबाच्या झाडातनं, लोकांच्या वाळवणाच्या दोऱ्यांना गुंडाळत घराघरात गेल्या. वारा सुटला की अंडरटेकर गेला. मग आमच्यातला एकजण पत्र्यावर चढून वायर धरून उभा राहणार आणि खालनं बाकीचे ओरडणार, आलं आलं, आता हलू नको! तो बिचारा पूर्ण मॅच पत्र्यावर. आता विचार केला तर तो पण जॉबरच.

एका खोलीत पंधरा-वीस पोरं. कॉमेंट्री काय चाललीय ओ की ठो कळत नव्हतं, कळायचं फक्त वन, टू, थ्री. तेवढं पुरायचं. अंडरटेकर सात वेळा मेला आणि सात वेळा उठला हे मात्र आम्हाला पक्कं माहीत होतं, कुणी सांगितलं ते विचारू नका, हे देशभरातल्या सगळ्या पोरांना कुणीतरी सांगितलेलं होतं.

आता अडचण अशी की हे सगळं चाललेलं कोल्हापुरात. म्हणजे जिथं १९१२ पासून खासबाग मैदान आहे, बशीसारखं, मधे हौद आणि भोवती चढत गेलेली बसायची जागा, कुठंही बसा कुस्ती दिसणारच, शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं. जिथं गल्लीगल्लीत तालीम आहे. आणि आमचे आजोबा तरुणपणी तालमीतले. मोठे पैलवान वगैरे नव्हते, गावोगावच्या जत्रेत नारळावरच्या आणि पाच-दहा रुपयांच्या कुस्त्या केलेले, पण कान मोडलेले होते आणि त्या कानांचा त्यांना फार अभिमान होता. ते टीव्हीकडे पाठ करून बसायचे. एकदाच वळून बघितलं आणि म्हणाले, "नुरा हाय ही."

नुरा कुस्ती म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, तुमचं पोटच त्यावर होतं. दोघांनी आधी संगनमत करून, कोण पडणार ते ठरवून लढायचं. आमच्याकडे ही शिवी आहे. मैदानात नुराचा वास आला की पब्लिक शिट्ट्या मारतं, पंच जोड सोडवतो, इनाम मिळत नाही, आणि वस्तादाची मान खाली जाते ती वेगळीच. आणि इकडे एवढी हजारो माणसं तिकीट काढून नुरा बघायला येतात हे आजोबांना काही केल्या पटत नव्हतं. (गंमत म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ चालवणाऱ्या कंपनीनं स्वतःच १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या विधिमंडळाला सांगून टाकलेलं की ही करमणूक आहे, स्पर्धा नाही, म्हणजे त्या राज्याच्या क्रीडा आयोगाचे नियम आणि कर मागं लागायला नकोत. आजोबा बरोबर होते, त्यांना फक्त कागद मिळाला नव्हता.)

पण मला सांगायचंय ते पुढचं. एका रविवारी मी खाली बसून बघत होतो, आजोबा कॉटवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. रिंगमध्ये कोणतरी राक्षस आणि समोर तुमच्यापैकी कोणीतरी, नाव मला आज आठवत नाही आणि त्याची लाज वाटते. राक्षसानं त्याला डोक्यावरनं मागं भिरकावलं. धाडकन आवाज. मी टाळ्या वाजवल्या. आणि मागनं आजोबा म्हणाले, "पुन्हा दाखवतील काय रं त्ये?"

आणि रिप्ले दाखवला. आजोबा कॉटवरनं उतरले, टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि काचेवर बोट ठेवलं. मी राक्षसाकडे बघत होतो, त्यांचं बोट पडणाऱ्यावर होतं. म्हणाले, हनुवटी बघ, छातीला लावलीय. डोकं टेकू दिलं न्हाई. दोन्ही हात बघ, एकदम आपटल्यात, मार सगळ्या पाठीवर वाटून घेतलाय. "हा खरा गडी. त्यो मोठा नुसता हुबा हाय."

मग बराच वेळ शेंगा न फोडता बसले आणि म्हणाले, "आमी जल्मभर पाठ लागू ने म्हणून मेलो. ह्यो रोज पाठ लावतोय आनि रोज उठतोय."

मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. आता कळतं. आमच्या कुस्तीत पाठ मातीला लागली की संपलं, चीतपट, आस्मान दिसलं. त्यामुळे पैलवानाचं सगळं शिक्षण एकाच गोष्टीचं, पाठ लागू द्यायची नाही. मान मोडू दे पण पाठ नको. पूल करून राहतील, कुशीवर वळतील. आणि माती तरी कशी, तेल, ताक, हळद, लिंबू घालून मऊ केलेली. तुमच्या रिंगला खाली लोखंडी बीम, वर लाकडी फळ्या, वर बोटभर फोम आणि कॅनव्हास. त्यावर तुम्ही एका संध्याकाळी दोन-दोन तीन-तीनदा जायचात, कारण एकाच रात्रीत पुढच्या कित्येक आठवड्यांचे एपिसोड शूट करून ठेवायचे. म्हणजे आम्ही ज्याला महिनाभराचा मार समजत होतो तो तुम्ही एका रात्रीत खाल्लेला असायचा, आणि सकाळी गाडी चालवत घरी.

आयर्न माइक शार्पबद्दल वेगळं लिहिलंच पाहिजे. उजव्या हाताला चामड्याचा पट्टा, सतत "आँ, ऊँ" करून ओरडणार, स्वतःला कॅनडाचा सर्वश्रेष्ठ अ‍ॅथलीट म्हणवून घेणार आणि हरणार. आम्ही हसायचो त्याला. पट्ट्यात लोखंड लपवलंय अशी आमच्यात थेअरी होती, पण मग हरतो कसा याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. आता वाचताना कळलं की याचे वडील माइक शार्प आणि काका बेन शार्प म्हणजे ते शार्प बंधू, जे फेब्रुवारी १९५४ मध्ये टोकियोला गेले होते.

हे वाचून मी उठून पाणी प्यायलो. कारण जपानमध्ये टीव्ही नुकताच, वर्षभरापूर्वी सुरू झालेला, सेट सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही, म्हणून टीव्हीवाल्यांनी चौकात, स्टेशनबाहेर उंचावर सेट बसवलेले. आणि त्या सेटसमोर रस्ते भरून माणसं उभी, कशासाठी, तर रिकिदोझान हा त्यांचा पैलवान गोऱ्या शार्प बंधूंना हाताच्या धारेनं चॉप मारतो आणि ते सहा-साडेसहा फुटी आडदांड गडी कोसळतात ते बघायला. युद्ध हरून नऊ वर्षं झालेली. काय वाटलं असेल त्या गर्दीला! बरं रिकिदोझान स्वतः जन्मानं कोरियन, ते तेव्हा लपवून ठेवलेलं, म्हणजे जपानची इज्जत वाचवणारा जपानी नाही आणि मार खाणारे शार्प बंधू अमेरिकन समजून लोक चवताळलेले, ते कॅनडाचे. सगळंच नुरा. पण चौकातल्या माणसाच्या घशातनं निघालेला आवाज नुरा नव्हता. आणि तो आवाज काढला कुणी? चॉप मारणाऱ्यानं अर्धा. पडणाऱ्यानं अर्धा. चॉप खाऊन शार्प नुसते उभे राहिले असते तर जपान्यांनी घरी जाऊन भात खाल्ला असता.

आणि चाळीस वर्षांनी त्यांचाच मुलगा आमच्या पेठेत, पंधरा पोरांसमोर, चामड्याचा पट्टा घालून पडत होता. बापानं टोकियोत टीव्ही विकून दिले, पोरानं आमच्याकडे केबल. (माझं हे वाक्य अर्थशास्त्रात बसत नाही, माहितीये, पण राहू दे.)

अमेरिकेत पण तेच झालेलं ना. चाळीसच्या दशकाच्या शेवटी टीव्ही आला तेव्हा दाखवायचं काय हा प्रश्न होता, बेसबॉलचं मैदान अवाढव्य, त्या वेळच्या कॅमेऱ्यात बॉल दिसेना. कुस्ती मात्र सोयीची, एक चौकोन, दोन माणसं, भरपूर उजेड, कॅमेरा हलवायची गरज नाही. मग लॉस एंजेलिसहून गॉर्जियस जॉर्ज आला, सोनेरी कुरळे केस, झगमगीत झगा, पुढे नोकर अत्तराचा फवारा मारत चाललाय, केसांच्या सोनेरी पिना प्रेक्षकांना वाटतोय. लोक त्याला हरताना बघायला टीव्ही लावायचे. आणि तोही शेवटी हरला, १९५९ मध्ये टोरंटोत आणि १९६२ मध्ये लॉस एंजेलिसला, पैजेवर, आणि ते केस रिंगमध्ये सगळ्यांसमोर भादरले. १९६३ च्या डिसेंबरात गेला बिचारा. म्हणजे तोसुद्धा सरतेशेवटी तुमच्याच पंगतीला येऊन बसला.

आता माझी कबुली.

आमच्या गच्चीवर दर रविवारी मॅच व्हायची. चार खुर्च्या, आईच्या वाळत घालायच्या दोऱ्या, मधे कापसाची गादी. बाळ्या हल्क होगन कारण बनियन त्याच्याकडेच फाडायला होते, पप्या अंडरटेकर कारण त्याच्याकडे वडिलांचा रेनकोट होता, आणखी एकजण अल्टिमेट वॉरियर, त्यानं दंडाला बहिणीच्या रिबिनी बांधलेल्या. मग सगळे माझ्याकडे बघायचे. मी सगळ्यात बारका. मी कोण? मी तुम्ही. मला नाव पण नव्हतं, बाळ्या माइक म्हणून हातात लाटणं धरून ओरडायचा "आणि समोर आहे... हा!" दोन वर्षं मी "हा" होतो. मला चोकस्लॅम, मला पाइलड्रायव्हर, मला टूमस्टोन. एकदा गादी सरकली आणि समोरच्या दाताचा तुकडा उडाला, अजून तसाच आहे, फोटोत मी तोंड मिटूनच हसतो.

पण एक सांगू? मला पडायला छान यायचं. आजोबांनी शिकवलेलं. कुणाला न सांगता, दुपारी, आतल्या खोलीत, जाजमावर, हनुवटी छातीला, हात पसर, श्वास सोड. म्हातारा ज्यानं जन्मभर पाठ लागू दिली नाही तो नातवाला पाठ कशी लावायची ते शिकवत होता आणि आजीला सांगत होता की सूर्यनमस्कार घेतोय. पोरांच्या लक्षात आलं की मी पडलो की आवाज जास्त येतो, मग हळूहळू पप्या आणि बाळ्यात भांडणं लागायला लागली, "आज ह्याला मी मारणार" म्हणून.

१७ मे १९९३ ला रेझर रॅमोन या बड्या पैलवानाला एका काडीपैलवानानं हरवलं. रॉ या कार्यक्रमाला सुरू होऊन जेमतेम चार महिने झालेले. तो पोरगा तुमच्यातलाच, कधी लायटनिंग किड, कधी कामिकाझे किड, कधी कॅननबॉल किड, दर आठवड्याला नाव वेगळं आणि निकाल तोच. त्या दिवशी दोरीवरनं उलटी कोलांटी मारली, अंगावर पडला, वन टू थ्री. नंतर त्याचं नावच वन-टू-थ्री किड पडलं. आमच्याकडे ते जेव्हा दिसलं तेव्हा खोलीत एकदम शांतता. आणि सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले! जसं काही मीच जिंकलोय. पुढच्या रविवारी मी म्हटलं, आज मी जिंकणार. बाळ्या म्हणाला, ठीक आहे. जिंकलो. काही मजा नाही आली. बाळ्याला पडताच येत नव्हतं, लाकडाच्या ओंडक्यासारखा पडला आणि कोपर धरून रडायला लागला.

तुमच्यातच मी ब्रायन ली यालाही धरतो. १९९४ च्या समरस्लॅमला खरा अंडरटेकर विरुद्ध खोटा अंडरटेकर अशी मॅच झाली, त्यातला खोटा तो. हरला. मग १९९६ मध्ये एका हिंदी सिनेमात अक्षयकुमारनं अंडरटेकरला उचलून आपटलं आणि अख्ख्या देशानं छाती फुगवली, तो अंडरटेकर पण हाच ब्रायन ली. दुसऱ्याच्या नावावर दोनदा मार खाल्ला माणसानं. पप्याला हे मागच्या वर्षी सांगितलं तर तो दोन दिवस ग्रुपवर बोलला नाही.

आता शेवटचं, कार्डांचं. तुम्हाला माहीत नसेल, आमच्याकडे तुमच्या लोकांची ट्रम्प कार्ड मिळायची. प्रत्येकावर फोटो, खाली रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स, फाइट्स फॉट आणि फाइट्स वॉन. एकानं आकडा बोलायचा, ज्याचा मोठा त्यानं समोरच्याचं कार्ड घ्यायचं. शाळेत तासाला बाकाखाली चालायचं हे. त्या अख्ख्या गठ्ठ्यात तुमच्यापैकी एकाचंही कार्ड नव्हतं. म्हणून मी बॅरी होरोविट्झचं केलं. तोच का, तर हा गडी कुणी शाबासकी देत नाही म्हणून स्वतःच स्वतःच्या पाठीवर थाप मारून घ्यायचा, मला ते फार आवडायचं. फ्लोरिडात बोरिस मलेन्कोसारख्या वस्तादाकडे शिकलेला, चांगला तयार पैलवान, हे मला आत्ता कळलं, तेव्हा नुसती ती थाप माहीत होती. वहीचं कव्हर कापलं, स्केचपेननं चित्र काढलं, बायसेप्स अंदाजानं टाकले. फाइट्स फॉटला काय लिहू कळेना, विचार केला हा दर आठवड्याला असतो, म्हणून १९९९ लिहिलं. फाइट्स वॉन, शून्य.

पोरांनी खेळायला घेतलंच नाही ते कार्ड. म्हणाले हे डुप्लिकेट आहे. खरी गोष्ट अशी होती की फाइट्स फॉट म्हटलं असतं तर माझ्या बॅरीनं होगनला उचलून नेलं असतं, आणि ते कुणाला परवडणारं नव्हतं. आजोबांनी बघितलं, म्हणाले शून्य कशाला लिवलंस, रिकामं ठेवायचं. मी म्हटलं, पण तो कधीच जिंकत नाही. तर म्हणाले, "आज न्हाई."

आजोबा ९४ च्या पावसाळ्यात गेले. आणि १९९५ च्या जुलैमध्ये होरोविट्झ जिंकला. आम्ही ते तेव्हा बघितलं नाही, दहावीचं वर्ष, घरातली केबलच काढून टाकलेली. परवा रात्री अडीच वाजता बघितलं. समोर स्किप नावाचा शायनिंग मारणारा गडी, स्वतःच्याच मस्तीत, आणि होरोविट्झनं त्याला गुंडाळला. वन टू थ्री. जिम रॉस कॉमेंट्रीला, होरोविट्झ जिंकला, होरोविट्झ जिंकला, असा बेंबीच्या देठापासून ओरडतोय. ऑगस्टमध्ये समरस्लॅमला पुन्हा त्यालाच हरवलं, म्हणजे चुकून नव्हतं.

मी उठून माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. बायको जागी झाली, म्हणाली रात्रीचं काय शोधताय. काय सांगणार? गठ्ठा सापडला, रबर बँड वितळून चिकटलेला, होगन आहे, आंद्रे आहे, योकोझुना आहे. बॅरीचं कार्ड नाही. बहुतेक मीच कधीतरी, ते डुप्लिकेट म्हणून, टाकून दिलं असणार.

आपला,
हा